फायटिंग गेममध्ये रमायचं असेल तर आधी जोड शोधा

इचलकरंजीत माझ्या थोरल्या भावाचं प्लेस्टेशनचं दुकान होतं. एक गाळा, चार टीव्ही, चार मशिनं, बसायला बाकडी आणि तासाला दहा रुपये. दुपारनंतर गल्ल्यावर मी बसायचे. २००० सालानंतरची ती वर्षं. क्रिकेट, फुटबॉल, गाड्यांच्या शर्यती, सगळ्याच्या सीडी होत्या. पण आवाज चढायचे ते टेकन ३ च्या, म्हणजे दोघांनी समोरासमोर मारामारी करायच्या फायटिंग गेमच्या टीव्हीपुढे. तिथलं मशीन इतकं झिजलेलं होतं की उलटं करून ठेवलं तरच सीडी चालायची.

गल्ल्यावर बसलं की एक गोष्ट आपोआप कळत जाते: कोण परत येतो आणि कोण येत नाही. आता मी पुण्यात नोकरी करते, रात्री टेकन ८ किंवा तसलाच स्ट्रीट फायटर ६ खेळते, आणि महिन्यातल्या एका रविवारी एका मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही काही मंडळी जमतो. तिथं दर खेपेला कुणीतरी नवीन येतं आणि ठरलेली कहाणी सांगतं. "ताई, सेलमध्ये घेतला, दोन दिवस खेळलो, जो येतो तो धुऊन जातो. काढून टाकला."

असल्या मंडळींचा क्रम बहुतेक सारखाच असतो. आधी ट्रेलर बघून गेम, मग यादी बघून सगळ्यात ताकदवान कॅरेक्टर, मग यूट्यूबवरून लांबलचक कॉम्बो (एकामागून एक जोडलेले मार), मग थेट रँक, म्हणजे ऑनलाइन अनोळखी माणसांशी क्रमवारीच्या मॅच. यात दुसरा माणूस कुठेच नाही. मी सांगणार आहे तो क्रम बरोबर उलटा आहे.

माणूस आधी

दुकानात दोन तऱ्हेची पोरं यायची. एकटं येऊन कॉम्प्युटरशी खेळणारं पोर टेकन ३ मधली दहा कॅरेक्टर घेऊन सुरुवात करायचं, शेवटच्या ओगरला पुन्हा पुन्हा पाडून एकेक नवीन कॅरेक्टर उघडायचं, मेमरी कार्डवर साठवायचं, आणि यादी भरली की गाड्यांच्या गेमकडे वळायचं. ते पुन्हा टेकनकडे फिरकायचं नाही. दुसरी तऱ्हा दोघांत खेळणाऱ्यांची. तिथला नियम साधा होता: हरला तो उठला, जिंकला तो बसला. उठलेल्याला मागच्या बाकड्यावर बसून पुढची मॅच बघावी लागायची, आणि त्याचं निम्मं शिकणं तिथंच व्हायचं.

यंत्रमागावर कांड्या भरणारा एक पोरगा होता आणि एका वकिलांचा मुलगा होता. दोघांचं दुकानाबाहेर बोलणं नसायचं. पण एक आला आणि दुसरा नसला की पहिला पैसे न देता दारातच उभा राहायचा, "आला न्हाई व्हय?" म्हणून विचारायचा आणि निघून जायचा. टेकन चालूच होता, टीव्ही रिकामा होता, तरी खेळायचा नाही. फायटिंग गेमवर माणसाचा जीव कशामुळे जडतो, असं मला कुणी विचारलं तर मी या दोघांचं नाव सांगीन.

हे फक्त आमच्याच गल्लीचं नाही. २०१९ मध्ये लाहोरच्या अर्सलान अ‍ॅश या पोरानं जपानमधली इव्हो स्पर्धा टेकन ७ मध्ये जिंकली आणि त्याच वर्षी लास वेगासची इव्होही जिंकली. इव्हो म्हणजे या खेळाची पंढरी. त्याआधी पाकिस्तानचं नाव तिथं कुणाच्या गावी नव्हतं. जिंकल्यावर त्यानं सांगितलं की आमच्याकडे असे आणखी बरेच जण आहेत, तेव्हा लोकांना ती बढाई वाटली. मग कोरियाचा नी हा जुना मुरलेला खेळाडू स्वतः पाकिस्तानात जाऊन त्यांच्याशी खेळला आणि तिथल्या पोरांनी त्याला चांगलंच दमवलं. तिथं ना मोठे स्पॉन्सर होते, ना महागडी यंत्रं. होते ते आर्केड, आणि रोज त्याच खुर्च्यांवर येऊन बसणारी तीच माणसं. अर्सलाननं पुढं २०२३ आणि २०२४ ची इव्होही मारली.

तर पहिलं काम. गेम विकत घेण्याआधी कॉलेजच्या, ऑफिसच्या, सोसायटीच्या, चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर एक ओळ टाका: "कुणी फायटिंग गेम खेळतं का? कुठला?" उत्तर येईल तो तुमचा गेम. मावसभाऊ अजून किंग ऑफ फायटर्स ९७ खेळत असेल तर तोच घ्या. १९९७ चा आहे, चित्रं जुनी आहेत, आणि महाराष्ट्रात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी घालून वाढलेल्या अख्ख्या पिढीच्या बोटांत त्यातली इओरी आणि क्यो ही कॅरेक्टर अजून आहेत. मैत्रिणीकडे फक्त फोन असेल तर फोनवरचा शॅडो फाइट अरेना चालेल. ग्राफिक्स कसे आहेत, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा.

ओळखीत कुणीच निघालं नाही तर डिस्कॉर्ड या गप्पांच्या ग्रुपच्या अ‍ॅपवर जा. टेकन, स्ट्रीट फायटर, गिल्टी गियर, प्रत्येकाचे भारतातले ग्रुप आहेत. तिथं जाऊन "हाय ऑल" म्हणू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. असं लिहा: "नवीन आहे. मंगळवार आणि शुक्रवार रात्री दहानंतर खेळीन. माझ्याइतकंच कच्चं कुणी हवं आहे." वार आणि वेळ दिली की माणसं पुढं येतात.

"माझ्याइतकंच कच्चं" हे शब्द गाळू नका. कुस्तीच्या मैदानात जोड लावताना वजन बघतात, तसंच इथं बघायचं. फार वरचढ माणूस तुम्हाला बटन दाबायचीही सवड देणार नाही. फार कच्चा असला तर तुम्हीच कंटाळाल. दहापैकी तीन-चार मॅच तुम्ही जिंकताय, बाकीच्या हरताय, ही जोड उत्तम. सगळ्या जिंकायला लागलात तर नवी शोधा. जुनी तोडू मात्र नका.

वयाची काळजी करणारे खूप भेटतात, म्हणून मध्येच सांगून टाकते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, म्हणजे २०२३ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ ला पदक होतं. सुवर्ण जिंकलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्यामुळे तिशी उलटली म्हणून बोटं चालत नाहीत, हे कारण माझ्यापुढे तरी काढू नका.

तार जोडा

हे छोटं आहे, पण इथंच निम्मी माणसं गळतात. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर चालतो. एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, १०० मिलिसेकंद असेल तर तुमचं बटन समोरच्याकडे पोचायला साधारण ५०, म्हणजे तीन फ्रेम. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटन येईपर्यंत दोघांचाही गेम धरून ठेवत, त्यामुळे पाण्यात हात मारल्यासारखं वाटायचं. नव्या गेममध्ये रोलबॅक असतो. समोरचा मघाशी जे करत होता तेच आताही करतोय असं धरून गेम पुढं चालतो. खरं बटन वेगळं निघालं की काही फ्रेम मागं जाऊन दुरुस्त करून घेतो. हे तंत्र रुजवणारं जीजीपीओ हे सॉफ्टवेअर टोनी कॅनन यांनी लिहिलं. इव्हो सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. २०१९ मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. तीस वर्षांपूर्वीचे आर्केड गेम आज ऑनलाइन नीट खेळता येतात ते याच कल्पनेच्या जोरावर.

पण वायफाय मध्येच अडखळलं, कधी २० मिलिसेकंद तर कधी २००, की रोलबॅकही काही करू शकत नाही. समोरचा माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारत दिसतो. म्हणून राउटरपासून लॅनची केबल ओढा. घरातून कुरकुर होईल. भिंतीच्या कडेनं पट्टी मारून घ्या, दाराच्या फटीतून काढा, पण ओढा. टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ दोन्हींत समोरचा केबलवर आहे की वायफायवर, ते मॅच स्वीकारण्याआधी दिसतं, आणि बरेच जण वायफायचं चिन्ह बघून नकार देतात. तुमच्याशी कुणी खेळत नाही असं वाटत असेल तर कदाचित कारण एवढंच असेल.

कंट्रोलरसाठी पैसे घालू नका. आर्केड स्टिक दिसायला झकास असते, महाग असते, आणि पहिल्या वर्षात तिचा काही उपयोग नाही. कॉम्प्युटर असेल तर कीबोर्ड चालतो, चांगला चालतो.

कॅरेक्टर: डोळ्यांना आवडलं ते घ्या

इंटरनेटवर याद्या असतात, कुठलं कॅरेक्टर किती ताकदवान, वरून खाली लावलेल्या. त्या जगातल्या पहिल्या शंभर जणांसाठी असतात. तुमची मॅच ज्याच्याशी होणार आहे त्याला खालून येणारी लाथ अडवता येत नाही; त्याला कुठल्याही कॅरेक्टरनं पाडता येतं.

आमच्या दुकानात पोरांनी सगळ्यांची नावं बदलून टाकली होती. किंगच्या तोंडावर वाघासारखा मुखवटा, म्हणून तो वाघ्या. योशिमित्सू तलवारवाला. ह्वोरांग लाथाळ्या. एडी गोर्डो नाच्या, कारण तो ब्राझीलची कापुएरा खेळतो, हातांवर उभा राहून गोल फिरत लाथा मारतो. एडी नव्या पोरांचा लाडका. टेकनमध्ये चार बटनं म्हणजे दोन हात आणि दोन पाय. डावा हात दाबला की डावाच हात येतो, म्हणून न शिकलेल्यालाही काहीतरी जमल्यासारखं वाटतं. एडीच्या बाबतीत तर लाथांची दोन बटनं डोळे मिटून दाबली तरी नाच चालू. पहिला आठवडा ही पोरं सगळ्यांना मारायची. मग बाकीचे बसून ब्लॉक करायला शिकायचे आणि एडीवाले एकेक करून गायब व्हायचे, कारण आपण का जिंकत होतो हेच त्यांना ठाऊक नसायचं.

कांडीवाल्या पोरानं किंग घेतला होता तो मुखवट्यासाठी. किंगच्या एकामागून एक लागणाऱ्या पकडी असतात, प्रत्येकीसाठी ठरावीक बटनं ठरावीक क्रमानं. कुणीतरी सायबर कॅफेतून छापून आणलेली यादी त्यानं मापाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली होती. सुरुवातीला इतका हरायचा की माझा भाऊ त्याला म्हणायचा, दुसरा कुणी घे. नाही घेतला. पहिली अख्खी साखळी लागली त्या दिवशी त्यानं सगळ्या दुकानाला वडे खाऊ घातले.

म्हणून यादी बंद करा, कॅरेक्टर निवडायचा पडदा उघडा, आणि ज्याचा अवतार, चाल, जिंकल्यावरची पोझ बघून हसू येतं तो घ्या. एक सावधगिरी. स्ट्रीट फायटरमध्ये आपला धालसीम आहे. केरळचा योगी, हातपाय रबरासारखे ताणणारा, तोंडातून आग काढणारा. जपानी लोकांनी भारत कसा बघितला याचा तो नमुना आहे आणि मला तो कितीही विचित्र असला तरी आवडतो. पण पहिलं कॅरेक्टर म्हणून घेऊ नका, कारण त्याच्याकडून शिकलेलं दुसऱ्या कुणाला लागू पडत नाही. पहिल्यासाठी रियू, केन, ल्यूक. टेकनमध्ये जिन, पॉल, लॉ. मात्र यांच्यापैकी कुणीच आवडत नसेल तर माझं ऐकू नका. न आवडणाऱ्या माणसाबरोबर संसार रेटू नये.

स्ट्रीट फायटर ६ चं डेमो मोफत आहे, त्यात रियू आणि ल्यूक मिळतात. टेकन ८ च्या डेमोतही चौघे आहेत. आधी ती उतरवा.

कॅरेक्टर घेतलं की सरावाच्या खोलीत जाऊन तीनच गोष्टी शोधा. याचा सगळ्यात जलद हात कुठला. समोरच्यानं उडी मारली तर याच्याकडे उत्तर काय. आणि कुठल्या अंतरावर उभं राहिलं की माझा मार लागतो पण त्याचा लागत नाही. रियूचं उडीवरचं उत्तर म्हणजे खाली बसून जोरातला पंच. एवढं एक उत्तर हाताला बसलं की खालच्या रँकमधल्या निम्म्या मॅच सुटतात, कारण तिथं सगळे बेडकासारखे उड्याच मारत असतात.

कॉम्बो? एकच. सोपा. तीन-चार मारांचा. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये कॉम्बो हा प्रकार मुळात ठरवून ठेवलेला नव्हता. एक मार लागून समोरचा सावरायच्या आत दुसरा बसतो, हे तयार करताना लक्षात आलं, आणि काढून टाकण्याऐवजी राहू दिलं. कॉम्बोशिवाय खेळ उभा राहतो. ब्लॉकशिवाय राहत नाही.

ज्यांना आडवेतिडवे बटनप्रकार जमतच नाहीत त्यांच्यासाठी स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न पद्धत आहे, एका बटनात खास मार निघतो, बदल्यात त्याचा मार २० टक्के कमी बसतो. टेकन ८ मध्ये स्पेशल स्टाइल आहे. काही जुने खेळाडू याला नाकं मुरडतात. मुरडू देत.

का हरलो, ते सांगता आलं पाहिजे

माझ्या मते माणूस टिकतो की सुटतो ते इथं ठरतं, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

दुकानात हरून उठणारा पोरगा काय बोलतो यावरून मी मनात पैज लावायचे. "कंट्रोलर खराब आहे" म्हणणारा महिन्याभरात बंद. (कधी कधी कंट्रोलर खरंच खराब असायचा, फुलीचं बटन आत गेलेलं असायचं. तो मुद्दा वेगळा.) "त्यानं खालून मारलं, मी उभ्यानंच ब्लॉक धरला" म्हणणारा दुसऱ्या दिवशी शाळेच्या दप्तरासकट हजर. हरणं दोघांचं सारखंच, पण दुसऱ्याच्या हातात उद्या करून बघायला काहीतरी असायचं.

हे "काहीतरी" काढायला थोडी आकडेमोड लागते, पण घाबरण्यासारखी नाही. टेकनमध्ये मार तीन उंचीचे. वरचा आणि मधला उभ्यानं अडवता येतो, खालचा बसूनच. बसलात की वरचा डोक्यावरून निघून जातो, पण मधला सपकन बसतो. म्हणजे सतत बसून राहणंही चालत नाही आणि सतत उभं राहणंही. स्ट्रीट फायटरमध्ये उडी मारून आलेला मार उभ्यानं अडवायचा, पायावरचा बसून. ब्लॉक धरूनच बसलात तर पकड येते, ती सोडवायला वेगळी बटनं. यातलं आपण कशाला बळी पडतो एवढं आधी ओळखा.

मग फ्रेम. प्रत्येक मार अडवला गेला की मारणारा काही फ्रेम अडकून पडतो. टेकनमधली हॉपकिक, म्हणजे उडत वर उचलणारी लाथ, बहुतेक कॅरेक्टरांची अडवली की १३ फ्रेम मागे पडते. तुमचा सगळ्यात जलद जॅब, म्हणजे सरळ ठोसा, निघायला १० फ्रेम. म्हणजे लाथ अडवल्यावर लगेच जॅब दाबलात तर तो चुकवूच शकत नाही, त्याच्या हातात काही नाही. हे पहिल्यांदा कळलं की समोरच्याची जी लाथ कालपर्यंत अन्याय वाटत होती तिची तुम्ही वाट बघायला लागता. स्ट्रीट फायटर ६ मधल्या ड्राइव्ह इम्पॅक्ट या जोरदार तडाख्याचंही तसंच. नवखे त्यालाच घाबरून गेम सोडतात. पण तो निघायला २६ फ्रेम लागतात, सेकंदाच्या चार दशांशाहून जास्त. दिसला की आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबायचा, त्याचा पडतो. सरावाच्या खोलीत पुतळ्याला अधूनमधून तेवढंच करायला लावा आणि पाच मिनिटं नुसती वाट बघत बसा.

आता पद्धत. हरलेली एक मॅच निवडा, फार तर एक. रिप्लेमध्ये बघा. स्वतःला बघू नका, समोरच्याला बघा: कुठल्या एका गोष्टीनं त्यानं तुमची सगळ्यात जास्त लाइफ काढली? तेवढंच वहीत लिहा. माझ्या वहीतल्या नोंदी अशा असतात: "ब्रायन. लांबून येणारी खालची लाथ. हळू आहे, दिसते. बस, अडव, उठताना उडव." "केन. कोपऱ्यात उडी. खाली + जोरातला पंच." याहून मोठी नोंद केली तर मी परत वाचत नाही. टेकन ८ मध्ये रिप्ले चालू असताना मध्येच थांबवून त्या क्षणापासून स्वतः खेळता येतं. हरलेला तो एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करून बघा, उत्तर लागेपर्यंत. माझ्या मते त्या गेममधली सगळ्यात कामाची सोय हीच, आणि नवीन माणसं तिचं बटनही उघडून बघत नाहीत.

इथं ती प्रसिद्ध क्लिप आठवल्याशिवाय राहवत नाही. २००४, कॅलिफोर्निया, इव्हो, गेम १९९९ चा स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक. दाइगो उमेहाराच्या केनची लाइफ इतकी उरलेली की नुसता ब्लॉक केला तरी मरेल. समोर जस्टिन वाँगच्या चुन-लीनं सुपर, म्हणजे राखून ठेवलेला सगळ्यात मोठा मार सोडला, लाथांचा पाऊस. दाइगोनं प्रत्येक लाथ पॅरी केली, म्हणजे मार बसायच्या नेमक्या क्षणाला पुढं दाबून, आणि उलट कॉम्बो मारून मॅच घेतली. मागचा आरडाओरडा ऐकून अजून अंगावर काटा येतो. आमच्या रविवारच्या मंडळींत दोघे-तिघे त्या क्लिपमुळेच या नादाला लागलेत. पण त्यात नवख्यानं बघायचं ते बोटांचं कसब नाही. जस्टिन आता सुपर सोडणार हे दाइगोला आधी ठाऊक होतं, कारण पहिली पॅरी सुपर दिसल्यावर दाबून चालत नाही, आधीच दाबावी लागते. समोरच्याला ओळखणं ते एवढंच. आणि ते जोडीदाराबरोबर लांब खेळल्याशिवाय येत नाही.

पहिले काही आठवडे

रँक उघडू नका. रँकमध्ये दर दोन-तीन मॅचनंतर माणूस बदलतो. तुम्ही त्याच्या सवयी ओळखायला लागता तेवढ्यात तो गेलेला असतो. हातात उरतो तो फक्त घसरलेला आकडा. त्यापेक्षा ठरलेल्या वारी जोडीदाराबरोबर खोली उघडा आणि दहा जिंकेल तो पहिला अशी लांब मॅच लावा. पाच-सहा झाल्यावर त्याची एक सवय दिसते. तुम्ही तिला उत्तर काढता. आठवीपर्यंत तो तुमच्या उत्तराला उत्तर काढतो. ही देवाणघेवाण एकदा अनुभवलीत की मग गेम काढून टाकायचा विषय निघत नाही. व्हॉइस चालू ठेवा. शिव्या चालतात, जिरवणं चालतं, पण मॅच संपल्यावर "ती शेवटची लाथ कशी अडवायची?" हे विचारायचं आणि विचारल्यावर सांगायचं. लपवून ठेवणारा जोडीदार बदला.

खेळण्याआधी सराव पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. तासन्‌तास पुतळ्याला बडवणारी माणसं मी बघितली आहेत. खऱ्या माणसापुढे त्यांचा पुतळा होतो.

जोडीदार नसेल त्या रात्री टेकन ८ मध्ये घोस्ट आहे, तुमच्या खेळण्यावरून शिकलेला तुमचाच नमुना. स्वतःशीच खेळून बघा. मी सारखी त्याच एका लाथेच्या मागे आहे, हे मला माझ्या घोस्टनं दाखवलं.

रँक कधी? "का हरलो" हे पाचपैकी तीनदा सांगता यायला लागलं की. तेव्हाही लागोपाठ तीन हरलात तर बंद करा, झोपा.

गेम बदलला तर

पूर्वी गेम आला तसाच राहायचा. आता दर सीझनला बदलतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेकन ८ चा दुसरा सीझन आला, सगळ्यांचेच हल्ले इतके धारदार केले की बचाव करणाऱ्यांना जागाच उरली नाही, आणि स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर खेळाडूंनी वाईट शेऱ्यांचा ढीग लावला. कंपनीला घाईनं दुरुस्त्या सोडाव्या लागल्या. माझाही संताप झाला होता. पण निष्ठा म्हणजे कंपनीचं सगळं गोड मानून घेणं नव्हे. ते शेरे लिहिणारेच रोज रात्री खेळणारे होते.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, पुढच्या दुरुस्तीपर्यंत जोडीदाराला घेऊन दुसरा गेम खेळायचा. दुसरी, जुन्याकडे जायचं. थर्ड स्ट्राइक १९९९ चा, अजून खेळला जातो. निन्टेंडोचा स्मॅश ब्रदर्स मेले (Melee) २००१ चा. त्याची माणसं अजून काचेचे जाड टीव्ही उचलून स्पर्धेला नेतात, कारण नव्या टीव्हीवर उशीर लागतो. त्या गेमला कुठलाही सीझन येणार नाही, आणि म्हणूनच त्यात काल शिकलेलं उद्याही कामाला येतं.

पैशाचं थोडक्यात: नवीन कॅरेक्टर आलं की विकत घेऊ नका. त्याच्याशी हरून बघा, मग हवंसं वाटलं तर घ्या. कपडे आणि रंग वाढदिवसाला कुणाकडून तरी मागा.

तुम्हीच चार जणांना जमवत असाल तर

गेम वाढवायचं काम कंपनीच्या जाहिरातीपेक्षा हीच माणसं करतात, म्हणून हेही लिहिते. नवीन आलेल्याला मुद्दाम जिंकू देऊ नका. त्याला कळतं, आणि अपमान वाटतो. हरवा, पण दोन मॅचनंतर एक गोष्ट सांगा, एकच. चार जणांनी चार बाजूंनी सल्ले द्यायला सुरुवात केली की गप्प करा. "हरला तो उठला" हा नियम नवख्याला लावू नका, त्याला सलग पाच मॅच बसू द्या. बाकीचे मागे थांबतील. त्याच्यासारखाच कच्चा दुसरा कोण आलाय ते बघून दोघांना शेजारी बसवा आणि तिथून निघून जा.

मुली येत असतील तर "मुलगी असून चांगलं खेळतेस" हे वाक्य पहिल्याच दिवशी बंद करा. मला ते गल्ल्यावर असल्यापासून ऐकवतात आणि मी अजून त्या प्रत्येकाशी दहा मॅच लावते.

साहित्यात मॉनिटर दोनच पुरतात, पण दोन्ही गेम मोडवर ठेवा, नाहीतर बटन दाबल्यावर हात उशिरा हलतो. एक्स्टेंशन बोर्ड जास्तीचा आणा. आणि निघताना नवख्याचा नंबर त्या दुसऱ्या कच्च्याला द्या, तुमचा नको.